जुनं मशीन आणि हरवलेलं सुईचं टोक

मशीन घरी आलं ते तीन भागांत. डोकं वेगळं, टेबल वेगळं, आणि टेबलाखालची मोटर वेगळी. बारा वर्षं घरगुती मशीनवर शिवत आले होते, त्यामुळे मशीन म्हणजे मशीन, त्यात काय एवढं, असा माझा समज होता. डोकं उचलायला दुसरं माणूस बोलवावं लागलं तेव्हा तो पहिल्यांदा हलला. पंचवीस-तीस किलोचं बिडाचं धूड, धरायला धड मूठही नाही.

घ्यायचं कारण साधंच होतं. कॅनव्हासच्या पिशव्या शिवायला घेतल्या आणि घरगुती मशीन चार पदरांवर कण्हायला लागलं. नवं घेणं झेपणारं नव्हतं. एक शिवणकामाचा कारखाना बंद होत होता, तिथलं सरळ टाक्याचं एक मशीन मिळत होतं. फक्त सरळ टाका, झिगझॅग नाही, काज नाही. मला तेवढंच हवं होतं.

विकणाऱ्याने मोटर चालू करून भर्रकन दोन मीटर शिवण मारून दाखवली. वेगात सगळीच मशीनं झकास शिवतात. मी मोटर बंद करायला सांगितली, पट्टा उतरवून घेतला आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. एका फेऱ्यात कुठे अडतंय का, कुठे जड जातंय का, हे बोटांना लगेच कळतं. मग सुई ज्या दांड्याला लागते तो दांडा चिमटीत धरून पुढे-मागे हलवून पाहिला. किंचितही खडखड असती तर तिथूनच परत फिरले असते. सुई ज्या पट्टीतल्या भोकातून खाली जाते ती पट्टी टॉर्च लावून पाहिली. भोकाच्या कडेला सुया आपटल्याच्या दोन-तीन चऱ्या होत्या. खालून दोरा पकडणाऱ्या हुकचं टोक मात्र शाबूत होतं. या तिन्ही गोष्टी एका जुन्या कारागिराने आधी सांगून ठेवल्या होत्या, नाहीतर मीही त्या भर्रकनवर भुलले असते.

टेबल जोडणं कंटाळवाणं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. एकच चूक सांगते. टेबलाच्या खाचेत आधी तेलाचा ट्रे बसतो, त्याच्या कोपऱ्यांना रबराच्या गाद्या येतात आणि त्यांवर डोकं टेकतं. मी गाद्या न लावताच डोकं ठेवलं. चालू केल्यावर अख्खं टेबल थरथरायचं, कात्री सरकत सरकत कडेला यायची. डोकं पुन्हा उलथं करून गाद्या लावल्या तेव्हा कात्री जागेवर राहिली.

डोकं उलथं केलंच होतं म्हणून तेलाच्या ट्रेकडे नीट पाहिलं. घरगुती मशीनला आपण ठिकठिकाणी थेंब थेंब तेल घालतो. इथे तसं नसतं. ट्रेमध्ये तेल भरलेलं असतं, त्यात पंपाचं तोंड बुडलेलं असतं, आणि मशीन फिरलं की पंप तेल वर चढवतो. माथ्यावर बोटाच्या पेराएवढी काचेची खिडकी असते. चालू असताना तिच्यात तेल उडताना दिसलं पाहिजे. माझ्या खिडकीत काहीच दिसत नव्हतं. ट्रेमध्ये तेल म्हणून जे होतं ते काळं, चिकट आणि धाग्यांच्या लवेने भरलेलं. ते काढून टाकलं, ट्रे रॉकेलने धुतला. पंपाच्या तोंडावर बारीक जाळी असते, तिच्यावर लवेचा अक्षरशः नमदा बसला होता. चिमट्याने तो सोलून काढला तेव्हा एका तुकड्यात निघाला, गोल टिकलीसारखा.

ट्रेच्या तळाशी एक छोटं चुंबक बसवलेलं होतं. त्यावर काळा गोळा चिकटलेला. पुसला तर सुयांची टोकं. मोजली, सतरा निघाली. कुणाकुणाच्या हाताखाली मोडलेल्या सतरा सुया. ती सगळी कागदात गुंडाळून टाकली आणि चुंबक परत जागेवर ठेवलं.

मग नवं तेल. शिवणयंत्राचं पांढरं, पाण्यासारखं पातळ तेल. दुसरं कुठलंही नाही. इंजिनाचं तेल घालून पंप आणि बेअरिंगं चिकटवून ठेवलेली मशीनं त्या कारागिराने पाहिली होती. ट्रेवर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात, त्यांच्या मध्ये पातळी ठेवायची. बराच काळ बंद असलेलं मशीन एकदम पळवायचं नाही, म्हणून सुईच्या दांड्यावर आणि हुकजवळ हाताने दोन-दोन थेंब सोडले, कापड दाबून धरणारा फूट वर उचलून, दोरा न ओवता दहाएक मिनिटं हळू चालवलं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खिडकीत पहिला शिंतोडा उडाला.

मोटर जुनी, क्लचची. तिची रीत आधी समजून घ्यायला हवी होती. बटण दाबलं की ती अखंड फिरत राहते, तुम्ही शिवा न शिवा. पायडल दाबलं की क्लच जुळतो आणि ते फिरतं चाक मशीनला ओढून नेतं. मोटरच्या पट्टीवर लिहिलं होतं ४०० वॅट, मिनिटाला १४४० फेरे. मोटरची पुली १०० मिलिमीटरची, मशीनची ७२ ची. म्हणजे मिनिटाला २००० टाके, सेकंदाला ३३. टाका तीन मिलिमीटरचा धरला तर पाय पूर्ण दाबल्यावर सेकंदात दहा सेंटिमीटर कापड खालच्या सरकवणाऱ्या दातांवरून निघून जातं. अशी मशीनं कारखान्यात याच्या दुप्पट वेगाने चालतात, पण मला २००० देखील घोड्यावर उलटं बसल्यासारखे वाटत होते. पायडल अर्धं दाबून हळू चालवायची कला असते. ती यायला मला तीन आठवडे लागले, आणि तोवर पिशव्यांचे कोपरे गोल झाले.

चौथ्या आठवड्यात बोट गेलं.

संध्याकाळची वेळ. काम संपलं म्हणून मोटरचं बटण बंद केलं. गुणगुण उतरत चालली होती. तेवढ्यात लक्षात आलं की सुईतला दोरा निघालाय, उद्यासाठी ओवून ठेवावा. वाकले, आणि वाकताना पाय पायडलवर पडला. वीज बंद होती, पण मोटरमधलं जड चाक अजून फिरत होतं. त्याला तेवढं पुरेसं होतं. सुई डाव्या हाताच्या तर्जनीच्या नखाच्या कडेतून आरपार गेली, खालच्या पट्टीवर आपटली आणि मोडली. दुखायच्या आधी आवाज ऐकू आला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. बोटात काही नव्हतं. वरचा तुकडा मशीनला होता, मधला मी स्वतः ओढून काढला होता, टोक मात्र सापडेना. जमीन झाडली, कापड उजेडाला धरून पाहिलं, कपडे झटकले. नाहीच. आजही सुईशेजारी बोट नेताना पाय आधी मागे घेते. क्लच मोटर असेल तर बटण बंद केल्यावर फुटाखाली चिंधी सरकवून पायडल दाबून ठेवायचं, चाकाचा जीव पुरता जाईपर्यंत. मगच सुईजवळ हात.

पट्टी बांधलेल्या बोटाने नवी सुई लावली, आणि मशीनने टाके सोडायला सुरुवात केली. चार टाके ठीक, दोन गायब, एक ठीक, तीन गायब. उलट बाजूला दोरा आडवा लोळत पडलेला. मला कारण स्वच्छ दिसत होतं: सुई आपटली, हुकचं टायमिंग, म्हणजे सुईशी त्याचा मेळ, हललं. इतकं सरळ कारण समोर असताना दुसरं कोण शोधतो? व्हिडिओ पाहिले, फूट काढला, सुईपट्टी काढली, हुकचे तिन्ही स्क्रू सैल केले. हुक हातात गरगर फिरायला लागला. आता तो आधी नेमका कुठे होता हे मला आणि देवालाच माहीत, आणि मी तर विसरले होते.

दोन दिवस झटापट केली. आता टाके सुटायचा प्रश्नच नव्हता, कारण एकही टाका पडत नव्हता. शेवटी मेकॅनिक काकांना बोलावलं. ते आले, खुर्ची ओढून बसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कशालाही हात न लावता सुईकडे पाहत राहिले.

“सुई कोणी लावली?”

“मीच, काका.”

“आणि हे हुकचे स्क्रू?”

“तेही मीच.”

“मग ताई, मशीनने नक्की काय केलंय?”

घरगुती सुईचा माथा एका बाजूने चपटा असतो, त्यामुळे ती चुकीची लावायची म्हटली तरी लागत नाही. या मशीनची सुई डीबी×१ जातीची. तिचा माथा पूर्ण गोल, १.६२ मिलिमीटर जाड. दांड्यात ती कशीही फिरते, दिशा आपणच ठरवायची. सुईला एका बाजूने लांब पन्हळ असते आणि दुसऱ्या बाजूला, डोळ्याच्या वर, एक खाच. पन्हळ डावीकडे, खाच उजवीकडे हुकच्या दिशेने. माझी पन्हळ माझ्या तोंडाकडे आली होती.

काकांनी ते नुसतं सांगून सोडलं नाही, दाखवलं. चाक हाताने फिरवत सुई अगदी तळाला नेली, मग केसभर वर आणली. सुई वर यायला लागते तेव्हा पन्हळीतला दोरा तिच्यासोबत मुकाट वर सरकतो. खाचेच्या बाजूचा दोरा मात्र कापडात अडकून मागे राहतो आणि त्याचा छोटासा फुगा होतो. हुकचं टोक नेमकं त्या फुग्यात शिरतं, दोरा पकडतं आणि बॉबिनभोवती फिरवून आणतं. सगळा टाका त्या फुग्यावर उभा आहे. सुई फिरली की फुगा बाजूला होतो, आणि हुक त्याच्या शेजारून मोकळाच निघून जातो. कधी पकडतो, कधी नाही. म्हणून चार पडले, दोन गेले.

टायमिंगही त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं. “तुम्ही सोडलंय, तुम्हीच बांधा” म्हणाले. सुईच्या दांड्यावर बारीक रेघा कोरलेल्या असतात. सुई तळाला असताना वरची रेघ दांड्याच्या खालच्या बुशच्या, म्हणजे दांडा ज्यातून सरकतो त्या नळीच्या, कडेशी यायला हवी. ती येत होती, म्हणजे दांड्याची उंची जागेवर होती. मग चाक आपल्याकडे फिरवत दांडा वर घ्यायचा, खालची रेघ बुशच्या कडेला लागेपर्यंत. या घडीला हुकचं टोक सुईच्या बरोब्बर मध्यावर, डोळ्याच्या किंचित वर. आणि टोक नि सुई यांच्यात फट किती? ०.०४ ते ०.१ मिलिमीटर. साधा लिहायचा कागद साधारण ०.१ चा असतो, त्याहून जास्त नको. टेकायलाही नको, टेकलं तर सुई घासते आणि हुकचं टोक बोथट होतं. मी हुक जागेवर आणायची, स्क्रू आवळायचा, आणि आवळताना तो हलायचा. सातव्या की आठव्या खेपेला बसला. काकांची युक्ती: एकच स्क्रू आधी हलका धरायचा, चाक फिरवून तपासायचं, मग उरलेले दोन. हा हुक एका टाक्याला दोन फेरे घेतो, म्हणजे २००० टाक्यांना ४०००. त्या वेगात केसभर चूकही कशी चालेल?

जाता जाता त्यांनी सुईपट्टीच्या भोकातल्या चऱ्या बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून घासल्या आणि भोकातून दोरा ओढून पाहिला. दोरा कुठे अडकला नाही. मी इतके दिवस वरचा दोरा उसवून तुटतो म्हणून दोऱ्याला शिव्या देत होते, त्यातलं अर्धं कारण त्या चऱ्यांत होतं. दुसरं अर्धं दोऱ्याच्या पिळात. या मशीनला वरचा दोरा डाव्या पिळाचा लागतो. उजव्या पिळाचा दोरा शिवता शिवता उकलत जातो. माझ्याकडची एक जुनी रीळ नेमकी तशी निघाली.

बोटाच्या प्रकरणानंतर क्लच मोटर काढून सर्व्हो मोटर बसवली, ५५० वॅटची. पायडल दाबलं तरच फिरते, एरवी गप्प. वेगाची कमाल मर्यादा डब्यावरच्या बटणांनी ठरवता येते. मी ती सुरुवातीला ८०० वर आणून ठेवली आणि कोपरे पुन्हा कोपऱ्यांसारखे दिसायला लागले. पट्टा नवा घेतला. तो घट्ट ताणायचा नाही, मध्यावर बोटाने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर आत गेला पाहिजे. सगळं जोडून पायडल दाबलं तर चाक उलटं फिरलं आणि दोऱ्याचा गुंता हुकमध्ये जाऊन बसला. चाकाचा माथा आपल्याकडे आला पाहिजे. माझा पलीकडे जात होता. सर्व्होमध्ये दिशेची सेटिंग असते, ती बदलली की झालं. पण पहिली चाचणी दोरा न ओवता, सुई काढून करायची असते हे मला तो गुंता चिमट्याने उपसताना सुचलं.

टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, हा मोठा विषय आहे आणि त्यावर बोलताना लोक फार घाई करतात. वरची घुंडी हाताशी असते म्हणून सगळे तीच पिळत बसतात. मीही पिळली. सुरुवात खालून करायची. बॉबिन ज्यात बसते त्या केसमधून दोरा बाहेर काढून केस दोऱ्यालाच लटकवायचा. आपोआप घरंगळत खाली आला तर ढिला. हिसका दिला तरी हलला नाही तर फार घट्ट. हलका हिसका दिल्यावर थोडासा सरकून थांबला की बरोबर. माझा केस एकदा थांबायचा, एकदा धप्पकन खाली यायचा. स्प्रिंगची पट्टी सोडवून पाहिली तर दोऱ्याने तिच्यात चक्क चर पाडला होता आणि त्या चरात लव साचली होती. केस नवा आणला. खालचं एकदा बसल्यावर वरच्या घुंडीला हात लावला. वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून शिवून पाहिलं. दोन्ही बाजूंना दुसऱ्याचा ठिपका दिसेनासा झाला, म्हणजे गाठ कापडाच्या पदरांमध्ये बसली. दोरा ओवताना फूट वर असू द्यावा हेही इथेच सांगते. फूट खाली असेल तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही, आणि मग घुंडी कितीही पिळा.

एवढं झाल्यावर फिक्या कापडावर तेलाचे ठिपके यायला लागले. पातळी पाहिली तर मी उत्साहाने वरच्या खुणेच्याही वर भरलं होतं. ते उपसून कमी केलं, तरी हुकच्या बाजूने बारीक शिंतोडा येतच होता. त्याची परीक्षा कागदाने होते. मशीन गरम झाल्यावर, दोरा काढून, हुकच्या खाली त्याला न टेकवता कागदाची पट्टी पाच सेकंद धरायची. कागदावर तेलाची एक बारीक, फिकट रेघ उठली पाहिजे. माझ्या कागदावर रेघ कसली, ओघळ होता. हुककडे जाणाऱ्या तेलाचा एक छोटा स्क्रू असतो, तो पाव-पाव फेरा फिरवत आणि दर वेळी नवा कागद धरत कमी केला. अगदी बंद करायचा नाही. कोरडा हुक दोनच दिवसांत किंचाळायला लागतो, असं काका म्हणाले, आणि मी ते तपासून पाहायला गेले नाही.

रोजचं म्हणाल तर फार नाही. काम संपलं की सुईपट्टी उघडून दातांमधली लव ब्रशने झाडते. कॅनव्हास असला तर एका दिवसात बोटभर निघते. हवेचा जोरदार झोत मी मारत नाही, लव बाहेर येण्याऐवजी आत जाऊन बसते. सकाळी तेलाची पातळी आणि चालू केल्यावर खिडकीतला शिंतोडा पाहते. आठ-दहा तास शिवलं की सुई बदलते, मोडायची वाट पाहत नाही. बदलताना टॉर्च लावते. रात्री फुटाखाली चिंधी ठेवते, म्हणजे दाते आणि फूट धातूला धातू लागून बसत नाहीत. मागे शिवायचा दांडा दाबला की अजूनही एक टकटक येते. काका म्हणतात जुन्या मशीनची खोड आहे, मला ते पटलेलं नाही, पण टाका चांगला पडतोय म्हणून गप्प आहे.

सहा महिन्यांनी तेल बदलायला डोकं पुन्हा उलथं केलं. या वेळी तेल पिवळसर झालं होतं, काळं नाही. जाळीवर लवेचा पातळ थर, फुंकरेनेही निघाला असता. चुंबकावर एकच तुकडा होता. पुसून तळहातावर घेतला. पाच-सहा मिलिमीटर लांब, एका बाजूला तिरकं तुटलेलं सुईचं टोक.